संथ संदेशांना शांतता हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दळणवळणाच्या वाढत्या वेगाविषयी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि त्यातील बहुतेक विवेचन मला मान्य आहे. मात्र जगातील काही हौशी रेडिओ वापरकर्ते अत्यंत कमी वारंवारतेवर स्वतःची तीन-चार अक्षरी ओळख सांगायलाही तासभर घेतात, असा उल्लेख करून लेखकाने या उद्योगाची गणना कालबाह्य छंदांत केली आहे, ती मला पटली नाही. त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी १९७४ ते २००८ अशी ३४ वर्षे तार खात्यात काढली. सुरुवातीची वर्षे मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर गेली, नंतर टेलिप्रिंटर आले. मिनिटाला पंचवीस शब्द बिनचूक घेणारा तारमास्तर तेव्हा मानाने पाहिला जाई आणि तो मान मिळवण्यासाठी मीही रात्री जागवल्या आहेत. असे असले तरी पावसाळ्यात कोकणातली तारेची लाइन ओली होऊन खरखरू लागली, की पलीकडच्या माणसाला आम्ही पहिली विनंती करायचो ती ‘सावकाश पाठवा’ हीच. रेडिओतारेच्या सांकेतिक भाषेत या विनंतीसाठी ‘क्यूआरएस’ ही तीन अक्षरे आहेत. हौशी मंडळींनी त्यांना आणखी एक ‘एस’ जोडला आणि ‘क्यूआरएसएस’ म्हणजे ‘अतिशय सावकाश’ असा नवा संकेत रूढ केला. ज्या संथ संदेशांना लेखकाने कालबाह्य ठरवले, त्यांचे नाव हेच आहे आणि त्यामागची गरजही आमच्या ओल्या तारेचीच आहे.

ही गरज आकड्यांनी नीट समजते. मिनिटाला बारा शब्द या बेताच्या गतीने मोर्स पाठवला तर एक टिंब सेकंदाचा दहावा भाग टिकते. तेच टिंब साठ सेकंद लांबवले, तर ते सहाशे पट लांब झाले. टिंब जितके लांब, तितकी ते ऐकण्यासाठी लागणारी वारंवारतेची खिडकी अरुंद करता येते, आणि खिडकी जितकी अरुंद, तितका तिच्यातून आत येणारा गोंगाट कमी. म्हणजे टिंब सहाशे पट लांब केले की आदर्श परिस्थितीत एक वॉटचा संदेश सहाशे वॉटच्या संदेशाइतका उठून दिसतो. ज्याच्याकडे शक्ती नाही त्याने वेळ खर्च करावा आणि शक्तीचे काम वेळेकडून करून घ्यावे, असा हा व्यवहार आहे. त्याची किंमतही रोख मोजावी लागते. भारतीय हौशी केंद्रांच्या ओळखचिन्हांत नेहमी आढळणारी ‘व्ही यू २’ एवढी तीनच चिन्हे घेतली, तरी टिंबे, रेघा आणि मधल्या जागा मिळून ३७ मात्रा होतात (एक मात्रा म्हणजे एका टिंबाचा वेळ), आणि मिनिटाला एक मात्रा या गतीने ती उमटायला ३७ मिनिटे लागतात. कानाला त्यात काहीच कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर हळूहळू सरकणाऱ्या चित्रात एखादी फिकट रेघ दिसते, तुटते, पुन्हा दिसते, आणि पाहणारा ती डोळ्यांनी वाचतो.

वेळ खर्च करण्याची ही पाळी येते ती अँटेनामुळे. जिनिव्हा येथे २००७ साली झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा चिमुकला पट्टा हौशी सेवेला दुय्यम तत्त्वावर दिला आणि उत्सर्जित शक्तीला एक वॉटची मर्यादा घातली. २०१२च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा दुसरा पट्टा मिळाला. एक वॉट ऐकायला फार थोडा वाटतो, पण या पट्ट्यात तेवढी शक्ती हवेत सोडणे हेच मोठे कष्टाचे काम आहे. १३६ किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २२०० मीटर भरते. उत्तम अँटेनाची उंची तिच्या पावपट, म्हणजे ५५० मीटर हवी. घराच्या परसात माडाच्या उंचीची, समजा १५ मीटरची तार उभी केली आणि तिच्या माथ्यावर आडव्या तारा पसरल्या, तरी तिचा उत्सर्जन-रोध, म्हणजे शक्तीचा जो वाटा लहर होऊन हवेत जातो त्याचे माप, एका ओहमच्या शंभराव्या भागाच्या जेमतेम सातपट येतो, आणि जमिनीत व वेटोळ्यात होणाऱ्या नासाडीचा रोध सहज पन्नास ओहमच्या वर जातो. शंभर वॉट दिले तर दशांश वॉटभर शक्ती बाहेर पडते, उरलेली अर्थिंगला आणि तांब्याला ऊब देते. म्हणून बादलीएवढ्या नळकांड्यावर शेकडो वेढे गुंडाळून मोठे वेटोळे करणे, वाऱ्याने तार हलली की ते पुन्हा जुळवून घेणे आणि जमिनीत तांब्याच्या तारा पुरत राहणे, हाच या लोकांचा नित्यक्रम असतो.

अमेरिकेत याच्याही आधीपासून १६० ते १९० किलोहर्ट्झ या पट्ट्यात विनापरवाना प्रयोग करण्याची मुभा आहे. अट एवढीच, की शेवटच्या टप्प्याला एक वॉटहून जास्त शक्ती द्यायची नाही आणि अँटेना, तिला जोडणारी तार व अर्थिंगची तार मिळून लांबी १५ मीटरच्या आत ठेवायची. तेथील हौशींनी या अटी पाळून वर्षानुवर्षे बीकन चालवले. बीकन म्हणजे अव्याहत आपली ओळख सांगत राहणारे केंद्र. किनाऱ्यावरचा दीपस्तंभ समोर गलबत आहे की नाही हे न पाहता फिरत राहतो, तसेच हे केंद्र ऐकणारा आहे की नाही याची वाट न पाहता आपले टिंब आणि रेघ सोडत राहते.

टिंब लांबवणे ही या कलेची पहिली पायरी झाली. पुढच्या पायऱ्यांवर गणित आहे, आणि मला सर्वाधिक आदर वाटतो तो त्याच कामाविषयी. जोसेफ टेलर, म्हणजे ‘जो’ टेलर, या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाला रसेल हल्स यांच्यासह १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते १९७४ साली सापडलेल्या जोड-स्पंदकासाठी. स्पंदक म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओलहरींचे ठोके देणारा तारा. स्पंदकाची क्षीण, नियमित ठोक्यांची चाहूल आकाशाच्या गोंगाटातून गाळून काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि ते स्वतः परवानाधारक हौशी रेडिओ वापरकर्ते. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीचे शास्त्रज्ञही स्पंदकांसाठी असेच गाळण्याचे काम करतात, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला अगदी परका नाही. टेलर यांनी २००८ साली हौशींसाठी ‘डब्ल्यूएसपीआर’ ही पद्धत सादर केली. तीत केंद्राचे ओळखचिन्ह, ठिकाणाचा संकेत आणि शक्ती एवढी माहिती ५० बिटांत बसवतात, चुका दुरुस्त करणाऱ्या गणिती वेष्टनात ती गुंडाळतात आणि चार अगदी जवळजवळच्या स्वरांतून ११० सेकंदांहून थोड्या अधिक वेळात पाठवतात. सगळा संदेश सहा हर्ट्झच्या रुंदीत मावतो. २५०० हर्ट्झच्या नेहमीच्या रुंदीत मोजलेला गोंगाट संदेशाच्या सहाशे पटींहून अधिक असला, तरी संगणक त्यातून तो संदेश अचूक बाहेर काढू शकतो. ज्याला ‘कालबाह्य’ म्हटले आहे, ते असे आहे.

त्याच्याही पुढे, म्हणजे खरे तर खाली, नऊ किलोहर्ट्झच्या आतला प्रदेश आहे. जर्मनीतील हौशींनी २०१० साली पतंगाने वर नेलेल्या लांबच लांब तारेला अँटेना करून तेथे संदेश सोडला. पुढे २०१२च्या परिषदेने ८.३ किलोहर्ट्झपासून वरचा भाग विजांचा वेध घेणाऱ्या हवामान-उपकरणांसाठी राखून ठेवला, तेव्हा ही मंडळी शिस्तीने त्याच्या खाली, ८.२७ किलोहर्ट्झला सरकली. तेथे एका लहरीची लांबी ३६ किलोमीटर आहे. अलिबागहून मुंबईच्या मध्यभागापर्यंत जावे, इतकी एक लहर! घरगुती अँटेनातून हवेत जाणारी शक्ती एका वॉटच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. तेवढ्यावर त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडून अक्षरे पोहोचवली आहेत. त्यासाठी ‘एबनॉट’ नावाची पद्धत वापरतात, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दळणवळणाला घालून दिलेल्या गणिती सीमेच्या अगदी जवळ पोहोचणे हे तिचे उद्दिष्ट आहे. दोन्ही टोकांची घड्याळे उपग्रहांच्या वेळेशी बांधून ठेवायची, लहरीची कला (फेज), म्हणजे तिच्या चढउताराचा ताल, तासन्‌तास ढळू द्यायची नाही, आणि एका रात्री पुरेसे मिळाले नाही तर तोच संदेश पुढच्या रात्री पुन्हा पाठवून दोन्ही रात्रींची नोंद एकावर एक ठेवायची. गोंगाट दर रात्री वेगळा असल्याने तो एकमेकांना छेदत जातो, संदेश मात्र तोच असल्याने साठत जातो.

यात काटेकोरपणा किती लागतो, याचा एक छोटा हिशेब देतो. साठ सेकंदांच्या टिंबासाठी खिडकीची रुंदी एका हर्ट्झचा साठावा भाग असते. यंत्राची वारंवारता ठरवणारा साधा क्रिस्टल दशलक्षात एक भाग इतका जरी सरकला, तरी १३७ किलोहर्ट्झवरचा संदेश अशा आठ खिडक्या ओलांडून जातो. म्हणून क्रिस्टलला उबदार पेटीत ठेवणे, तापमान स्थिर राखणे, उपग्रहाच्या ठोक्याशी त्याची सांगड घालणे, हे सारे शिकावे लागते. आमच्या तालुक्यातील विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हेच करून दाखवतो. मी स्वतः या पट्ट्यांत प्रक्षेपण करीत नाही, केवळ ऐकतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी मेजावरच एक लहानसा संकेतजनक ठेवतो, त्याचा संदेश रोधांच्या साखळीतून अतोनात क्षीण करून तारेनेच रिसीव्हरला देतो आणि वरून मुद्दाम गोंगाट मिसळतो. कानाला नुसते सूंऽऽ ऐकू येते. पंधरा मिनिटांनी पडद्यावर ‘व्ही’ची तीन टिंबे आणि रेघ दिसू लागली, की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. सरासरी घेतल्याने खरे काय ते वर येते, हे विधान त्यांनी संख्याशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असते, पण ते डोळ्यांदेखत घडताना त्यांनी तोवर पाहिलेले नसते.

वेग हीच उपयुक्ततेची कसोटी मानणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला देतो. अमेरिकेच्या नौदलाने खोल समुद्रातील पाणबुड्यांना हाक मारण्यासाठी विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतून ७६ हर्ट्झवर एक यंत्रणा चालवली, ती २००४ साली बंद झाली. तिच्यावरून तीन अक्षरांचा एक संकेत पाठवायला सुमारे पंधरा मिनिटे लागत. पाण्याखाली खोलवर पोहोचणारी लहर संथच असते, आणि तेवढ्या तीन अक्षरांसाठी एका महासत्तेने जंगलातून मैलोगणती तारा टाकल्या. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून आहे, त्याची वारंवारता १८.२ किलोहर्ट्झ. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे एक्समाउथजवळचे केंद्र १९.८ किलोहर्ट्झवर चालते. या केंद्रांचे संदेश अर्थातच गुप्त असतात आणि ते उलगडण्याचा माझा कधीही प्रयत्न नसतो, पण त्यांची ताकद किती भरते हे कोणालाही मोजता येते. लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून केलेली अँटेना संगणकाच्या माइकच्या खाचेला जोडली की पुरे. सूर्य मावळताना ही ताकद खालीवर होते, कारण दिवसा सुमारे ७० किलोमीटरवर असलेले आयनांबराचे, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थराचे, छत रात्री जवळजवळ ९० किलोमीटरवर जाते, आणि जमीन व ते छत यांच्यामधल्या पोकळीतूनच या लहरी प्रवास करतात. दिवसा सूर्यावर मोठा भडका उडाला तर काही मिनिटांत आलेखाला झटका बसतो. चौलच्या वाडीत बसून सूर्याची प्रकृती कळावी, यापेक्षा स्वस्त वेधशाळा मला माहीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले, तिच्याकडे येतो. या संदेशांचा खरा शत्रू अंतर नाही, गोंगाट आहे. निसर्गाचा गोंगाट विजांचा. वैशाखात घाटमाथ्यावर वळवाचे ढग जमू लागले की संध्याकाळपासून पडद्यावर उभ्या रेघांची दाटी होते, आणि माघातल्या थंड रात्री तीच जागा स्वच्छ असते. हा ऋतूंप्रमाणे चालणारा गोंगाट समजून घेता येतो, त्याची वाट पाहता येते. गेल्या बारा-पंधरा वर्षांत त्याच्यावर दुसरा थर चढला आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंपांचे वेगनियंत्रक, छतावरच्या सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, ही सर्व साधने वीज जशीच्या तशी वापरत नाहीत, तिचे सेकंदाला हजारो-लाखो तुकडे करून ती वापरतात. हे तुकडे करण्याची वारंवारता बहुधा काही दहा हजारांपासून दीडएक लाख हर्ट्झच्या दरम्यान असते, म्हणजे नेमकी या संथ संदेशांच्या अंगणात. घराघरांतल्या तारा मग अँटेनाचे काम करतात आणि हा कचरा गावभर पसरवतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आमच्या वाडीतले बहुतेक माड आणि पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, घराची कौले उडाली आणि विजेचे खांब वाकून रस्त्यावर आले. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांचे दुःख मी येथे सांगत बसत नाही, किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने ते सोसले आहे. एका रात्री झोप येईना, म्हणून मोटारीच्या बॅटरीवर रिसीव्हर लावून बसलो. अँटेना पडली होती, तिची खाली लोंबणारी तारच जोडली. पडद्याकडे पाहिले तेव्हा प्रथम वाटले की यंत्र बिघडले. नेहमीची राखाडी भिंत तेथे नव्हती. काळ्याभोर पार्श्वभूमीवर दूरच्या विजांचे बारीक टिपके पडत होते आणि नौदलांच्या केंद्रांच्या रेघा सुईने ओढल्यासारख्या स्पष्ट होत्या. तार खात्यातली ३४ वर्षे आणि त्यानंतरची हौशी म्हणून गेलेली सर्व वर्षे धरूनही मी आमच्या गावाचे आकाश इतके शांत कधी अनुभवले नव्हते. वीज परत आली त्या संध्याकाळी गावात आनंदाचा गलका झाला, मलाही आनंदच झाला. पण पडद्यावरची भिंत एका क्षणात परत उभी राहिलेली मी पाहिली, आणि आपण रोज काय गमावतो हे मला तेव्हा प्रथम नेमके दिसले.

वाचकांना ही बाब केवळ हौशींची वाटू नये. घरात स्वस्त एलईडी दिवा लावला की मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीत गुरगुर येते, हा अनुभव ट्रान्झिस्टर ऐकणाऱ्या बहुतेक वृद्धांना आहे, आणि त्याचा दोष ते बिचारे आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरला देतात. मूळ एकच आहे. दिव्याच्या आतल्या चकतीवर गोंगाट अडवणारे छोटे वेटोळे आणि धारित्र (कपॅसिटर) बसवायचे असते. ते अगदी किरकोळ किमतीचे असते, आणि तेवढ्यासाठी ते गाळलेले दिवे बाजारात येतात. ते दिसायला सारखेच, उजेडही सारखाच, म्हणून गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

याला नियम नाहीत काय? आहेत, पण त्यांत एक मोठी फट आहे. विद्युत उपकरणांनी तारांवाटे बाहेर सोडायच्या गोंगाटावर ‘सिस्पर’ या आंतरराष्ट्रीय समितीची मानके मर्यादा घालतात. दिव्यांसाठीच्या मानकात ही मर्यादा नऊ किलोहर्ट्झपासून सुरू होते, हे योग्यच आहे. संगणक, दूरचित्रवाणी संच, चार्जर यांसारख्या उपकरणांच्या मानकात मात्र ती दीडशे किलोहर्ट्झपासून सुरू होते. १३६ किलोहर्ट्झचा पट्टा त्या रेषेच्या जेमतेम खाली पडतो. उपकरणाने १५१ किलोहर्ट्झला गोंगाट केला तर ते नापास, १३६ला केला तर त्याला विचारणारे कोणी नाही. नऊ ते दीडशे किलोहर्ट्झ हा प्रदेश असा राखणदाराविना राहिला, याचे एक कारण मला असे वाटते की तेथे ऐकणारेच उरले नव्हते. १९२७ साली खडकीच्या केंद्रातून आणि दौंडच्या ग्रहणकेंद्रातून भारत-इंग्लंड रेडिओतार लघुलहरींवर सुरू झाली, आणि जगभर दूरच्या दळणवळणाने प्रचंड मनोऱ्यांच्या दीर्घलहरींकडे पाठ फिरवली ती त्याच काळात. मोकळ्या पडलेल्या गायरानावर कोणीही कचरा टाकतो, तसे या प्रदेशाचे झाले. आज तेथे रात्र-रात्र कान लावून बसणारे जे थोडे लोक आहेत, ते हे संथ बीकनवालेच. गोंगाट किती वाढला, कोणत्या वेळी वाढला, कोणत्या दिशेने आला, याच्या नोंदी त्यांच्याकडे आपसूक साठतात.

आपल्या मुंबईने अशा प्रश्नाला पूर्वी एकदा फार शहाणे उत्तर दिलेले आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तिच्या नोंदी जगात नावाजलेल्या. १८५९च्या विख्यात सौरवादळाची नोंदही तेथे झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर नेण्याचे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने चुंबकमापकांच्या सुया थरथरणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम नको असे म्हटले नाही, आणि नोंदी सोडूनही दिल्या नाहीत. त्यांनी अलिबागला जागा निवडली, लोखंडाचा अंशही नसलेली पोरबंदरी दगडाची इमारत उभी करवली, १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली आणि जुन्या नोंदींना नव्या नोंदी बिनतुटीच्या जोडल्या. विजेची ट्राम धावली ती १९०७च्या मे महिन्यात, म्हणजे ही जोडणी पूर्ण झाल्यावर. त्यामुळे पावणेदोनशे वर्षांची ही मालिका आजही अखंड आहे. मी त्या वेधशाळेवरून जातो तेव्हा मला नेहमी त्या दोन वर्षांच्या दुहेरी मोजमापांचे कौतुक वाटते. शहराची सोय आणि विज्ञानाची शांतता या दोहोंचा विचार तेव्हा आधी झाला, नुकसान झाल्यावर नाही.

आज अलिबाग शोधायला जागा उरलेली नाही, कारण ट्राम प्रत्येक घरात शिरली आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या योजनेनुसार एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. मी या योजनेच्या बाजूने आहे आणि माझ्याही छतावर पॅनेल बसणार आहेत. म्हणूनच विनंती अशी, की या इन्व्हर्टरांच्या आणि चार्जरच्या मानकांत नऊ ते दीडशे किलोहर्ट्झची फट बुजवण्याचा आग्रह महाराष्ट्रातील तंत्रज्ञांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि ग्राहक संघटनांनी आताच धरावा. एक कोटी यंत्रे बसल्यावर प्रत्येकाला गाळणी लावत फिरणे कोणालाही शक्य नाही, कारखान्यात लावणे मात्र सोपे आहे. शासकीय खरेदीच्या निविदांत एक वाक्य वाढवले तरी फरक पडेल.

गृहनिर्माण संस्थांनाही थोडे करता येण्यासारखे आहे. जिन्यातले आणि आवारातले दिवे घाऊक घेताना नमुन्याचा एक दिवा लावावा, त्याच्याजवळ मध्यम लहरींचा साधा ट्रान्झिस्टर दोन स्थानकांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून धरावा आणि दिवा चालू-बंद करून पाहावा. गुरगुर हातभर अंतराच्या पुढेही ऐकू येत असेल तर तो माल घेऊ नये. घरातला दोषी शोधायचा असेल, तर सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हातात घेऊन एकेक एमसीबी पाडत जावे, पाच मिनिटांत पत्ता लागतो. आमच्या आळीत असे शोधता एका पंपाचा वेगनियंत्रक सापडला होता. मालकांनी सांगताच त्यावर गाळणी बसवून घेतली, आणि त्यांच्या स्वतःच्या माजघरातल्या रेडिओची खरखर थांबली तेव्हा ते मला सांगायला मुद्दाम घरी आले.

आपल्या दैनिकात ग्राहकांसाठी दर आठवड्याला सदर येते. त्यात दिवे आणि इन्व्हर्टर यांची तुलना करताना किंमत, उजेड आणि हमी यांच्याबरोबर गोंगाटाचाही रकाना असावा, अशी माझी विनंती आहे. ज्या लेखकाने हा विषय काढला, त्यांनाही एक निमंत्रण आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या आवारातला रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही चालवता येतो, तो शून्याच्या जवळपासपासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. हिवाळ्याच्या रात्री तो १३७ किलोहर्ट्झच्या आसपास लावावा आणि पडद्यावरचे चित्र शांतपणे पाहत राहावे. त्याहून बरे म्हणजे त्यांनी सवड काढून चौलला यावे. २०१७ पासूनच्या रोजच्या गोंगाटाच्या नोंदी मी वह्यांत आणि संगणकावर ठेवल्या आहेत, त्यांत निसर्ग वादळानंतरच्या त्या रात्रींचाही आलेख आहे. कोणत्याही महाविद्यालयाने मागितल्यास त्या नोंदींची प्रत मी विनामूल्य देईन. लेखक आले तर मेजावरचा संकेतजनकही लावून दाखवीन. फक्त संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची घाई ठेवू नये, कारण त्या तीन चिन्हांना ३७ मिनिटे लागतात आणि ती मध्येच सोडून उठता येत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त तार कर्मचारी व परवानाधारक हौशी रेडिओ वापरकर्ता,
चौल, जि. रायगड